ज्वालामुखी गेला, डोंगर उरला

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडून जिते स्थानकात थांबते, तेव्हा एका अंगाला डोंगर दिसतो आणि दुसऱ्या अंगाला पाताळगंगेच्या खाडीकडे उतरत गेलेली भातखाचरे. फलाटावर उतरणारा माणूस रुळांखालच्या खडीकडे बघत नाही. त्यात बघण्यासारखे काही आहे, असे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. खडी काळ्या दगडाची. डोंगरातही तोच दगड, मुंबई-गोवा महामार्गाच्या डांबराखाली तोच, गावातल्या जुन्या जोत्यांना आणि विहिरींच्या बांधकामालाही तोच. हा सगळा दगड एके काळी वाहत होता.

एवढे ऐकले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग तो ज्वालामुखी कुठे आहे? कोणी जवळच्या कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बोट दाखवतो, कोणी खालापूरच्या इर्शाळगडाकडे. पालीजवळच्या उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे पाहून आलेला माणूस खात्रीने सांगतो की आत अजून धग आहे, कधी ना कधी वर येणार. भूकंपाचा लहानसा धक्का बसला किंवा पावसाळ्यात जमिनीला भेग पडली, की ही कुजबूज पुन्हा सुरू होते.

ज्वालामुखी इथे नाही. तो इथून गेला त्याला सहा कोटींहून अधिक वर्षे झाली आणि तो परतण्याची कोणतीही चिन्हे नाहीत. मात्र जाताना त्याने जे मागे ठेवले, ते उतार, ते थर, त्या भेगा, त्यांच्याकडे ना गावाचे लक्ष आहे ना सरकारचे. रायगड जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत माणसे मेली ती यांच्यामुळे. भीती एका जागी आणि धोका दुसऱ्याच जागी, अशी ही गत आहे.

आधी तो गेला कसा, हे पाहायला हवे. कारण त्यातच पुढचे सगळे आहे.

ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांसमोर जपानच्या फुजीसारखा शंकू येतो. महाराष्ट्रात तसे काही घडले नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमीनच लांबच लांब फाटली आणि त्या भेगांमधून लाव्हा पातळ पिठासारखा पसरत गेला. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर माती धरली, मग दुसरा थर. असे थरावर थर चढत सह्याद्री उभा राहिला. महाबळेश्वरच्या परिसरात या थरांची एकूण उंची हजार मीटरहून जास्त भरते. आज उरलेला लाव्हा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, म्हणजे महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणाचे तुकडे. घाटातून पाहताना डोंगराच्या अंगावर ज्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे त्यावरूनच ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव पडले.

लाव्हा जिथून वर आला त्या भेगांपैकी काही रायगड जिल्ह्यात आजही दिसतात. भेगेत उरलेला रस तिथेच गोठला आणि जमिनीत उभी भिंत तयार झाली. इंग्रजीतून आलेला तिचा शब्द ‘डाइक’. मराठी विश्वकोश अशा भिंतीला ‘भित्ती’ म्हणतो, आणि हा शब्द जास्त बोलका आहे. अलिबाग, मुरूड, रोहा, पेण या भागात अशा भिंती डझनांनी सापडतात, बऱ्याचशा किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण. रस्त्यासाठी डोंगर कापला की आडव्या थरांना छेदून जाणारा उभा पट्टा नजरेस पडतो. तीच ती. ज्वालामुखीचे तोंड शोधणाऱ्यांनी सुळक्यांवर चढण्यापेक्षा या कापलेल्या कड्यांपुढे दोन मिनिटे उभे राहावे.

पण जमीन इथेच का फाटली? आणि मग एवढे मोठे प्रकरण थांबले का? याचे उत्तर शोधायला कॅनडातल्या एका माणसाची मदत घ्यावी लागते. टुझो विल्सन हे भूभौतिकीचे अभ्यासक. १९६३ साली त्यांनी हवाई बेटांकडे पाहून एक कल्पना मांडली. पॅसिफिक महासागराच्या मधोमध ही बेटे एका रांगेत आहेत. रांगेच्या एका टोकाचे बेट धगधगते, आणि त्याच्यापासून जितके दूर जावे तितकी बेटे जुनी आणि थंड होत जातात. विल्सन म्हणाले, चूल एकाच जागी आहे, वरचा तवा सरकतो आहे. पृथ्वीच्या पोटात, प्रावरणात, एक अतितप्त जागा आहे आणि तिच्यावरून महासागराचा तळ सरकत जातो. जो भाग चुलीवर येतो तिथे डाग पडतो, म्हणजे बेट उगवते. भाग पुढे सरकला की बेट विझते. या जागेला नंतर ‘हॉटस्पॉट’ हे नाव रूढ झाले. एका नावाजलेल्या नियतकालिकाने हा निबंध नाकारला होता, तो दुसरीकडे छापून आला. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळ वेळा घडलेले आहे, त्याचे फार नवल वाटू नये.

महाराष्ट्राची चूल आज हिंदी महासागरात, जित्यापासून सुमारे ४,८०० किलोमीटर दूर, रियुनियन बेटाखाली आहे. फ्रान्सच्या ताब्यातले हे छोटे बेट. तिथला पिटॉन द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वांत कार्यरत ज्वालामुखींपैकी एक. तो वारंवार जागा होतो. लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि आजचा पश्चिम महाराष्ट्र या चुलीच्या आसपास होता. मग भारत उत्तरेकडे निघाला. वर्षाला १५ सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे भूपट्टाच्या मानाने धावतच. तवा सरकला आणि डाग मागे राहिले : लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्याखालचा समुद्रात बुडालेला डोंगर, मग मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन. १९८७ साली एका संशोधन जहाजाने या वाटेवर समुद्रतळाला भोके पाडून दगड वर काढले. मालदीवजवळचा दगड सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला आणि दक्षिणेकडे वय उतरत गेले. मॉरिशसचे वय ऐंशी-नव्वद लाख वर्षांच्या घरात. विल्सन यांची चूल जणू हिंदी महासागरात तारीखवार लिहून ठेवलेली होती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसे उसाच्या मळ्यांवर राबायला मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थी तिथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. ऊस लावण्यासाठी तिथल्या जमिनीतले काळे दगड वेचून त्यांचे ढीग रचावे लागत. त्या मजुरांना ते दगड अनोळखी वाटले नसावेत. गावाकडची जमीन आणि मळ्याची जमीन एकाच चुलीवरची होती, हे मात्र त्यांच्यापैकी कोणाला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

हे चित्र सगळ्याच तज्ज्ञांना मान्य आहे असे नाही, हेही सांगायला हवे. आयआयटी मुंबईतले भूवैज्ञानिक हेतू शेठ यांनी या खोल चुलीच्या कल्पनेवर अनेक वर्षे आक्षेप घेतले आहेत. जमीन आधी ताणली गेली, फाटली, आणि फाटली म्हणून रस वर आला, असा त्यांचा रोख आहे. चूल आधी की भेग आधी, हा वाद अजून मिटलेला नाही. पण जित्यात राहणाऱ्याला महत्त्वाचे जे आहे त्यावर दुमत नाही : तो रस इथे आता येत नाही.

विल्सन यांनी १९६५ मध्ये आणखी एक भर घातली. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे नवा समुद्रतळ तयार होतो. समोरासमोर येतात तिथे एक खाली जातो किंवा दोन्ही चुरगळून हिमालय उभा राहतो. विल्सन म्हणाले, तिसरा प्रकारही आहे. तिथे नवे काही तयार होत नाही, जुने काही गिळले जात नाही. दोन पट्ट फक्त एकमेकांना घासून पुढे जातात. पनवेलला लोकलच्या दारात चढणारे आणि उतरणारे जसे खांदे घासत सुटतात, तसे. याला ‘ट्रान्सफॉर्म’ सीमा म्हणतात. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास हे त्याचे नेहमीचे उदाहरण; १९०६ साली त्याने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त केले. भारताचीही पश्चिमेकडची सीमा याच जातीची आहे. अरबी समुद्रात ओमानच्या बाजूला ‘ओवेन’ नावाची भेग आहे. तिच्यावर भारतीय आणि अरबी पट्ट एकमेकांना घासतात, पण वर्षाला जेमतेम तीन मिलिमीटर. जमिनीवर तीच सीमा पुढे बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानात चमन प्रस्तरभंगाच्या रूपाने दिसते. १९३५ साली क्वेट्टा शहर ज्या भूकंपात गेले, तो याच पट्ट्यातला.

जित्यापासून यातली सर्वांत जवळची सीमा हजार किलोमीटरहून दूर आहे. पनवेल-रोहा पट्ट्याखाली पट्टांची कोणतीही हद्द जात नाही. हे एक वाक्य शाळांतून नीट शिकवले गेले तरी निम्म्या अफवा थांबतील.

मात्र एक हद्द इथे तयार होता होता राहिली, आणि कोकणाचा आकार तिनेच घडवला. लाव्हा वाहून गेल्यानंतर काही काळाने, सुमारे ६ कोटी २०-३० लाख वर्षांपूर्वी, भारताच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला एक तुकडा सुटून निघाला. तो म्हणजे सेशेल्स, आज इथून तीन हजार किलोमीटरहून दूर. तो सुटताना भारताची कड ताणली गेली, तुटली आणि समुद्राकडे कलली. पुरावा पनवेलपासून दक्षिणेकडे दिसतो. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर पाटासारखे आडवे आहेत. खाली कोकणात या पट्ट्यात ते पश्चिमेकडे कललेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली यावर लिहिले आणि ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणजे पनवेलचा बाक हे नाव जगभरच्या भूविज्ञानात गेले. (इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे हे थोरले भाऊ.) पनवेलचे नाव रेल्वे जंक्शन म्हणून ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

गरम पाण्याच्या झऱ्यांचे कोडे इथेच सुटते. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोलीकडचे उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरचे उन्हाळे : नकाशावर ठिपके मांडले तर ते किनाऱ्याला समांतर अशा एका माळेत बसतात. पावसाचे पाणी जुन्या खोल भेगांतून खाली मुरते. पृथ्वीच्या पोटात कुठेही खाली गेले तरी दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढते. दीड-दोन किलोमीटर खाली गेलेले पाणी त्यामुळेच तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. त्यासाठी खाली लाव्हा असावा लागत नाही. उन्हेऱ्याचे कुंड म्हणजे खोल विहिरीतून आपोआप वर येणारा बंब, एवढेच. या पाण्याने त्वचारोग बरे होतात असा समज आहे. गरम पाण्याने स्नायू सैलावतात, बरे वाटते, हे खरे. पण खरूज-गजकर्णाला औषध लागते आणि ते दवाखान्यात मिळते. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तर या कुंडांत पाय सोडून बसूच नये. पाय भाजतो तेव्हा त्यांना कळत नाही, आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. कुंडापाशी देवाच्या पाटीशेजारी ही एक पाटी लावायला फार खर्च येणार नाही.

भूकंपाचे काय? तो धोका शून्य नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दाखवून दिले की पट्टाच्या मध्यभागीही जुन्या भेगा हलतात. कोयनेत धरणातल्या पाण्याचा त्यात हात आहे, हे आता जगभर मान्य आहे. तिथे शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडून लाव्ह्याच्या थरांखालचा ग्रॅनाइटही तपासला आहे. किल्लारी परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर पडल्याने. समुद्राकडूनही एक धोका आहे. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये मकरानच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. म्हणजे घर नीट बांधणे आणि किनाऱ्यावर इशारा पोहोचणे ही कामे आहेतच. पण रायगड जिल्ह्यात दर काही वर्षांनी गाव गाडले जाते ते भूकंपाने नाही आणि लाटेनेही नाही.

२५-२६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यात तळिये, ऐंशीहून अधिक मृत्यू. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावरची ठाकरांची इर्शाळवाडी. तिथे २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. जिल्ह्याबाहेर पाहिले तर ३० जुलै २०१४ चे माळीण. सगळे महिने जुलै, सगळे उतार काळ्या दगडाचे.

काय होते तिथे? लाव्ह्याचा प्रत्येक थर सारखा नसतो. थराचा गाभा घट्ट, त्यातून पाणी जात नाही. थराचा माथा मात्र बुडबुड्यांचा, सच्छिद्र, आणि कोट्यवधी वर्षांच्या पाऊस-उन्हाने त्याचा मुरूम झालेला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा, चिकणमातीसारखा पट्टा असतो. पुढचा लाव्हा येण्याआधी धरलेली माती त्याखाली भाजून निघालेली ती. पाऊस मुरूम आणि भेगांतून आत जातो, घट्ट दगडावर किंवा या तांबड्या पट्ट्यावर अडतो आणि तिथे साठतो. वरची माती पाण्याने जड होते आणि तिची खालची पकड सुटते. तळाशी रस्त्यासाठी, घरासाठी, शेतघरासाठी उताराचा पाय कापलेला असेल तर आधारही गेलेला असतो. त्यातच जिथे डोंगराचा उतार आणि थरांचा कल एकाच दिशेला आहे, तिथे घसरगुंडी आयतीच तयार असते. पनवेलच्या बाकाच्या पट्ट्यात पश्चिमेकडे उतरणाऱ्या प्रत्येक डोंगराकडे म्हणूनच जास्त काळजीने पाहायला हवे. इर्शाळवाडीत तीन दिवसांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. तेवढा पाऊस कोकणाला नवा नाही, आणि म्हणूनच ‘निसर्गाचा कोप’ हे स्पष्टीकरण पुरेसे नाही.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच त्या वेळी सांगितले. हे बचाव म्हणून सांगितले गेले. खरे तर ते आरोपपत्र आहे. यादी कशी बनते? दरड कोसळली, माणसे मेली, की ते गाव यादीत येते, आणि शेजारच्या वाडीची पाहणी राहून जाते. लहान वाड्या, त्यातही आदिवासींच्या वाड्या, महसुली गावाच्या नावाखाली झाकल्या जातात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आहेत, पण ते ज्या प्रमाणावर आहेत त्यात चाळीस-पन्नास घरांची वाडी म्हणजे एक ठिपकासुद्धा नाही. २०२४ च्या जुलैत कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. सुरुवातीची पत्रके दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरीसाठी निघाली. चांगलेच आहे. पण रायगडने त्या रांगेत पुढे जागा मागायला हवी होती, आणि ती मागणी जिल्ह्याच्या राजकारणात ऐकू येत नाही. महामार्गाच्या खड्ड्यांवर जेवढे बोलले जाते त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी महामार्गाशेजारच्या कापलेल्या डोंगरावर बोलले जावे.

आणि डोंगर तर रोज कापला जातो आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली. रेल्वे, रस्ते, गोदामे, टॉवर, सगळ्यांना खडी आणि भराव हवा, आणि तो रायगडच्या डोंगरांतून जातो. विकास नको असे कोणी म्हणत नाही. खडी लागतेच, जित्याच्या रुळांखालीही तीच आहे. पण खाणीला परवाना देताना वरच्या उताराचे काय होईल, स्फोटांच्या हादऱ्याने कुठल्या भेगा उघडतील, खालच्या वाडीचे पाणी कुठून येते, हे प्रश्न गावासमोर आणि गावाच्या भाषेत विचारले जायला हवेत. आज ते अहवालाच्या परिशिष्टात मरतात.

पाण्याचा मुद्दा साधा वाटतो, पण तो याच दगडाशी बांधलेला आहे. जमिनीतली ती उभी भित्ती भूजलाला बांधासारखी अडवू शकते. एका अंगाची विहीर मे महिन्यातही भरलेली आणि दुसऱ्या अंगाची फेब्रुवारीतच कोरडी, याचे कारण पुष्कळदा शंभर पावलांवर उघड्यावर पडलेले असते. तडे गेलेली भित्ती उलट पाण्याची वाटही होते. हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचे पाणी नवी मुंबईला, आणि पेणच्या खारेपाटातली गावे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. अशा तालुक्यात कुठे भित्ती आहे, कुठे मुरूम, कुठे तांबडा पट्टा, याचा गावनिहाय नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असायला हवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे माणसे आहेत, मुंबई-पुण्यात भूविज्ञान शिकणारी मुले आहेत. एका उन्हाळी सुटीत एक तालुका पायी पालथा घालता येईल. त्याच नकाशावर धोक्याचे उतारही दिसतील. पाणी शोधणारा आणि दरड ओळखणारा नकाशा एकच आहे, हे अजून कोणत्याही योजनेच्या लक्षात आलेले दिसत नाही.

नकाशा होईपर्यंत उतार वाचण्याचे काम गावालाच करावे लागेल, आणि ते अशक्य नाही. डोंगरावर उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी भेग पडणे. सरळ झाडे किंवा विजेचे खांब खाली झुकणे. घराची दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, जमीन उकलणे. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणे, आटणे, किंवा नवीनच जागी पाणी फुटणे. मुसळधार पावसात यातले काहीही दिसले तर तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट न बघता त्याच संध्याकाळी माणसे हलवावीत. गुरे सोडून कोण जाणार, हा प्रश्न खरा आहे. म्हणून निवाऱ्याच्या जागी गुरांची सोयही हवी. साधे पर्जन्यमापक गावच्या शाळेत बसवायला काही लाख लागत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी पडलेला पाऊस आणि डोंगरावरच्या वाडीत पडलेला पाऊस यांत मोठा फरक असू शकतो, आणि इशारे मात्र तालुक्याच्या आकड्यावर निघतात.

रियुनियन बेटावर १९७७ च्या एप्रिलमध्ये लाव्हा नेहमीच्या वाटेने न जाता पिटॉन सेंट-रोझ या गावात शिरला. घरे जळाली, चर्चच्या दाराशी येऊन लाव्हा दोन्ही बाजूंनी वळला. लोकांना वेळेत बाहेर काढले होते, जीव गेले नाहीत. तरीही दोन वर्षांत, १९७९ मध्ये, बेटावर ज्वालामुखीची वेधशाळा उभी राहिली. तेव्हापासून डोंगर किती फुगला, किती हलला, याची नोंद तिथे दिवस-रात्र होते. रायगडात २००५ पासून दासगाव झाले, तळिये झाले, इर्शाळवाडी झाली. जिते, हमरापूर, जोहे या पट्ट्यात येत्या जूनमध्ये गणपतीच्या कारखान्यांतून मूर्तींवर शेवटचा रंग चढत असेल, आणि मागच्या डोंगरावर पाऊस सुरू झालेला असेल. त्या डोंगरावर एकही मापक नसेल, तर त्यासाठी ज्वालामुखीला बोल लावता येणार नाही.